सवलतीच्या वादात हरवलेले बोलणे

ऑनलाइन औषधविक्रीचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, मोबाइलवरून मागवलेले औषध घसघशीत सवलतीत घरपोच येत असताना नाक्यावरच्या मेडिकलमध्ये छापील किंमत कशाला मोजायची? दुसरा म्हणतो, मोठ्या भांडवलाच्या कंपन्या आज तोटा सोसून सवलत देत आहेत, उद्या गावोगावची दुकाने बंद पडली की त्याच कंपन्या मनमानी करतील. हा वाद जुना आहे. १४ ऑक्टोबर २०१५, ३० मे २०१७ आणि २८ सप्टेंबर २०१८ असे तीन वेळा देशभरच्या औषधविक्रेत्यांनी प्रामुख्याने याच प्रश्नावर दुकाने बंद ठेवली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा काढला आणि तो वर्षानुवर्षे मसुदाच राहिला. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत कोणत्याही बाजारपेठेत हा विषय काढून पाहावा, बोलणे फिरून टक्क्यांवरच येते: त्यांची सवलत किती आणि यांचा नफा किती. आजारी माणूस या सगळ्या वादात केवळ गिऱ्हाईक म्हणून येतो, आणि त्याच्या हातात पडलेले औषध तो घरी नेऊन नेमके कसे घेतो, हा प्रश्न दोन्ही बाजूंपैकी कोणीच विचारत नाही.

मला वाटते, हा वाद चुकीच्या जागी लढला जात आहे. गावातले मेडिकल टिकावे अशी माझीही इच्छा आहे, पण त्यामागचे कारण दुकानदाराचे पोट हे नाही. पोट तर प्रत्येक दुकानदाराला असते, आणि बाजाराच्या रेट्यात कापडवाल्यापासून भांडीवाल्यापर्यंत अनेकांची दुकाने गेली तेव्हा आपण कोणी कायदा मागितला नव्हता. औषधाचे दुकान वेगळे आहे ते तिथे बसणाऱ्या माणसामुळे. किराणा दुकान काढायला पदविका लागत नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम मात्र सांगते, की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कोणी द्यायचे नाही. त्याने काय करावे हे २०१५ च्या फार्मसी व्यवसायाच्या नियमांनी आणखी स्पष्ट केले: औषधाचे नाव, मात्रा, ते कसे आणि किती दिवस घ्यायचे, कशासाठी घ्यायचे, कोणती काळजी घ्यायची, कोणता त्रास होऊ शकतो, एखादी वेळ चुकली तर काय करायचे, घरात ते कुठे ठेवायचे, हे सगळे रुग्णाला समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. गोळ्या मोजून कागदी पाकिटात भरायला बारावीनंतर दोन वर्षांचे शिक्षण लागत नाही. ते शिक्षण या समजावण्यासाठी आहे. तेव्हा माझे म्हणणे असे, की फार्मासिस्ट आणि रुग्ण यांच्यातले बोलणे हेच त्या दुकानाचे खरे काम आहे. ते होत असेल तर ॲपपेक्षा चार पैसे जास्त देणे रास्त आहे. ते होत नसेल, तर संघटनांनी आणखी कितीही बंद पुकारले तरी त्यांच्या बाजूने सांगण्यासारखे फार थोडे उरते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. माझे वडील देवगड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतात. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना धाप लागू लागली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी तपासून श्वासावाटे ओढायच्या औषधाच्या कॅप्सूल आणि त्या ज्यात घालून ओढायच्या ते छोटे यंत्र लिहून दिले. तालुक्याच्या दुकानात त्या दिवशी यंत्र नव्हते. ते दोन दिवसांनी येईल असे सांगून कॅप्सूलची डबी तेवढी दिली गेली. वडिलांनी त्या कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ पाण्याबरोबर गिळल्या. मी गणपतीला घरी पोहोचेपर्यंत एकोणीस दिवस त्या अशा गिळल्या जात होत्या, धाप तशीच होती, आणि ‘कोल्हापूरच्या औषधाचा गुण येत नाही’ असे म्हणून ते गप्प बसले होते. डबीवर ‘गिळू नये’ अशी सूचना इंग्रजीत छापलेली होती. वडील मराठी चौथी शिकलेले. दुकानाचे नाव मी घेणार नाही, कारण दोष त्या एका दुकानाचा नाही. त्यांनी चिठ्ठीवरचेच औषध दिले होते, ते मुदतीतले होते, त्याचे रीतसर बिल होते. एखाद्या निरीक्षकाने बोट ठेवावे असे तिथे काहीच नव्हते. फक्त एक वाक्य बोलायचे राहिले होते.

कोकणात हे वाक्य राहून जाणे अधिक महागात पडते, याचे कारण आपला भूगोल. सिंधुदुर्गातला अवघड दुखण्याचा रुग्ण गोव्याला बांबोळीला जातो किंवा घाट चढून कोल्हापूरला जातो. रत्नागिरी आणि रायगडचा मुंबईकडे जातो. तिथल्या गर्दीत डॉक्टरांनी घाईने सांगितलेले, तेही प्रमाण मराठीत किंवा अर्ध्या इंग्रजीत, एसटीने घरी येईपर्यंत निम्मे विसरलेले असते. पुन्हा विचारायला जायचे तर एक दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचे भाडे बुडते. अशा वेळी औषधाचे शिक्षण घेतलेला, आपली बोली बोलणारा आणि विनाशुल्क भेटणारा एकच माणूस पंचक्रोशीत असतो, तो म्हणजे मेडिकलच्या काउंटरमागचा. आणि किती साध्या वाक्यांवर किती मोठ्या गोष्टी टांगलेल्या असतात! संधिवातावर दिली जाणारी मेथोट्रेक्झेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बाकीच्या गोळ्यांसारखी ती रोज घेतली गेली तर तोंड सोलून निघते, रक्तातल्या पेशी घटतात आणि माणूस दगावूही शकतो. ‘काकी, तुमचा गोळीचा वार कोणता?’ एवढा एक प्रश्न पुरे असतो. भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे शेतातल्या दूषित पाण्यातून होणारा ताप, होऊ नये म्हणून दिली जाणारी डॉक्सीसायक्लिन एका घोटाबरोबर गिळून शेतकरी दमून लगेच आडवा झाला, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. लहान मुलांच्या तापाचे औषध थेंबांच्या बाटलीत वेगळ्या तीव्रतेचे असते आणि पातळ औषधाच्या बाटलीत वेगळ्या. थेंबांचे औषध चमच्याने पाजले तर मुलाला कित्येक पटीने जास्त मात्रा जाते. इन्सुलिनच्या नेहमीच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० एकक असतात, पण बाजारात १०० एककांच्या हिशेबाच्या सिरिंजही मिळतात, आणि त्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत ओढले तर अंगात वीसऐवजी आठच एकक जातात. साखर उतरत नाही, डॉक्टर मात्रा वाढवतात, आणि पुढे कधीतरी बरोबर सिरिंज हाती आली की तीच वाढवलेली मात्रा माणसाला बेशुद्ध करते. लाल टोपणाची सिरिंज की नारिंगी टोपणाची, हे काउंटरवर एकदा दाखवायला अर्धे मिनिटही लागत नाही.

यावर सर्वांत बिनतोड वाटणारा आक्षेप असा, की हे बोलणे आज होतच कुठे आहे? काउंटरवर माणसे तिष्ठत असतात, पोरगा चिठ्ठी घेतो, फळीवरून पाकिटे ओढतो, कात्रीने हव्या तेवढ्या गोळ्या कापून देतो आणि कापताना औषधाचे नाव व मुदत छापलेला भाग कित्येकदा दुकानातच राहतो. जे अस्तित्वात नाही त्याच्या बचावासाठी गरिबाने सवलत का सोडावी? हा आक्षेप मी झटकून टाकत नाही, कारण माझ्या वडिलांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा ठरला. ॲपवरून आलेल्या डबीने याहून वेगळे काही केले नसते. पण हे बोलणे बंद कसे पडले हे पाहिले, की ते पुन्हा सुरू होणे अशक्य नाही हेही दिसते.

वैद्य औषधाबरोबर अनुपान सांगत असत, म्हणजे मात्रा मधातून की तुपातून, कोमट पाण्यातून की आल्याच्या रसातून. सोबत पथ्यही सांगत. पुडी बांधणे आणि हे सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे कोणाला वाटतच नव्हते. पुढे डॉक्टरांचे दवाखाने आले आणि तिथे कंपाउंडर आला. ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना मिक्श्चरची बाटली आठवत असेल: तांबूस औषध, आणि बाटलीच्या अंगावर चिकटवलेली, दोन्ही बाजूंनी खाचा पाडलेली कागदाची पट्टी. एक खाच म्हणजे एक वेळचे औषध. निरक्षर बाईलाही ती वाचता येई, आणि कंपाउंडर बाटली हातात देताना खाचेवर बोट ठेवून ‘इतके सकाळी, इतके रात्री, आधी हलवून घ्यायचे’ असे सांगे. मी त्या काळाचे गोडवे गात नाही. बहुतेक कंपाउंडरांना कसलेही शिक्षण नसे आणि त्यांतले काही पुढे स्वतःच डॉक्टर म्हणून मिरवत. त्याच अनागोंदीचा विचार करण्यासाठी १९३० मध्ये सर रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९३१ मध्ये तिचा अहवाल आला, १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयात औषधनिर्माणाचे शिक्षण सुरू केले, आणि १९४० चा औषध कायदा व १९४८ चा फार्मसी कायदा झाला. अडाणी कंपाउंडरच्या जागी शिकलेला फार्मासिस्ट यावा हा त्यामागचा हेतू. तो आलाही. पण तोवर औषधे कारखान्यातून तयार होऊन चकचकीत वेष्टनात येऊ लागली होती, खल-बत्ता आणि तराजू यांचे काम संपले होते. हाताचे काम गेल्यावर तोंडाचे काम तेवढे उरले होते, आणि ते आपण त्याच्याकडून कधी मागितलेच नाही. म्हणजे शिकलेला माणूस जागेवर आणून बसवला आणि त्याला गप्प राहायची सवय लावली. हा दोष त्याच्या एकट्याचा कसा म्हणायचा?

कोकणच्या माणसाला याचा अर्थ पोस्टमनच्या उदाहरणाने लवकर कळेल. मुंबईच्या गिरणीतून आलेल्या मनीऑर्डरवर ज्या घरांची चूल पेटत होती, त्या घरांत पोस्टमन नुसते पैसे मोजून जात नसे. ओटीवर बसून तो पत्र वाचून दाखवी, उलट उत्तर लिहून घेई, आणि ‘पुढच्या महिन्यात पैसे उशिरा येतील’ हे वाक्य कसे वाचायचे हेही त्याला कळत असे. टपालखात्याच्या नियमात हे काम होते म्हणून तो ते करत नव्हता, तर समोरच्याला अक्षर येत नाही आणि आपल्याला येते, एवढ्याच जाणिवेने करत होता. औषधाच्या पाकिटावरचे अक्षर आजही आपल्या बहुसंख्य लोकांना येत नाही. ते इंग्रजीत असते, मुंगीएवढे असते, आणि ज्याला इंग्रजी येते त्यालाही त्यातला औषधशास्त्राचा अर्थ लागत नाही. पोस्टमनने नियमात नसलेले काम केले; इथे तर ते नियमातच लिहिलेले आहे.

आणि जिथे हे होते तिथे काय घडते, ते मी कुडाळच्या बाजारात पाहिले आहे. चतुर्थीचे दिवस होते, चाकरमान्यांनी बाजार फुलला होता. एका मेडिकलमध्ये सत्तरीची एक आजी प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळी औषधे बांधून घेऊन आली होती. फार्मासिस्ट पस्तिशीचा तरुण. त्याने चिठ्ठी बाजूला ठेवली आणि पिशवी काउंटरवर रिकामी करायला सांगितली. रक्तदाबाच्या गोळ्यांची दोन पाकिटे निघाली, नावे निराळी, रंग निराळे. त्याने विचारले तेव्हा आजी म्हणाली, “ही झिलान मुंबयसून हाडल्यान, ही हयली. दोनय घेतंय.” दोन्ही पाकिटांत एकच औषध होते, ॲम्लोडिपिन, फक्त कंपन्या वेगळ्या. मुलाने आईच्या काळजीपोटी मुंबईच्या डॉक्टरकडून लिहून घेतलेली गोळी आणि गावच्या डॉक्टरची गोळी अशी दुप्पट मात्रा ती कित्येक आठवडे घेत होती. तिचे पाय सुजत होते, उठताना अंधारी येत होती; आणि पाय सुजतात म्हणून लघवी जास्त होण्याची एक तिसरी गोळीही कोणीतरी चालू केली होती. पाय सुजणे हा पहिल्याच औषधाचा ओळखीचा दुष्परिणाम असतो. त्या तरुणाने स्वतःहून कोणतीही गोळी बंद केली नाही. तिथूनच गावच्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे एक पाकीट बाजूला काढून त्यावर रबर लावले, उरलेल्या पाकिटावर मार्करने सूर्य काढला, आणि मग म्हणाला, “आजये, आता तूच माका सांग बघूया, उद्या सकाळी खंयची खातलंस?” आजीने बरोबर पाकिटावर बोट ठेवले. मी घड्याळ पाहिले नव्हते, पण माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाचा धीर सुटण्याइतकाही वेळ त्यात गेला नाही. ‘कळले का?’ असे विचारले की आपला माणूस भिडेपोटी हो म्हणतोच. ‘तूच सांग’ असे म्हटले तरच खरे काय कळले ते बाहेर येते.

वेळ नाही, ही फार्मासिस्टांची तक्रार तरीही खरी आहे, आणि त्यामागचे पैशाचे गणित आपण समजून घेतले पाहिजे. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशात कमाल किंमत ठरवताना किरकोळ विक्रेत्यासाठी १६ टक्के नफा धरला आहे. हा नफा विकलेल्या मालावर मिळतो; बोलण्याचा मोबदला त्यात कुठेच नाही. कुडाळच्या त्या तरुणाने एक पाकीट कमी विकले आणि वर फोन केला, म्हणजे हिशेबाच्या भाषेत त्याने स्वतःचे नुकसान करून घेतले. जी व्यवस्था शहाणपणाने वागणाऱ्याला दंड करते तिच्यात शहाणपण टिकावे कसे? इंग्लंडमध्ये २०११ पासून एक योजना आहे: ठराविक आजारांत रुग्णाला नवे औषध सुरू झाले, की पहिल्या काही आठवड्यांत फार्मासिस्टने त्याच्याशी ठरवून बोलायचे, आणि त्या बोलण्याचे पैसे सरकारी आरोग्यसेवेने द्यायचे. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने सरकारी वैद्यकीय मदत घेणाऱ्या गरीब रुग्णांना फार्मासिस्टने समजावून सांगण्याची तयारी दाखवणे बंधनकारक केले. त्या देशांची श्रीमंती आपल्याकडे नाही हे मान्य. पण प्रत्येक गिऱ्हाइकाशी दहा मिनिटे बोला असे कोणीच म्हणत नाही. डोकेदुखीची गोळी नेणाऱ्याला प्रवचन नको असते. औषध नवीन आहे, किंवा बदलले आहे, किंवा माणूस म्हातारा असून त्याच्या पिशवीत पाच-सहा औषधे आहेत, किंवा रुग्ण तान्हे मूल वा गरोदर बाई आहे, किंवा यंत्राने ओढायचे, सुईने टोचायचे, रक्त पातळ करणारे असे औषध आहे, एवढ्यांपुरते दोन मिनिटांचे बोलणे बंधनकारक मानावे आणि सरकारी विमा योजनांनी त्याची लहानशी का होईना फी द्यावी. आपण फार्मासिस्टला फुकटचा धर्मात्मा समजणे सोडले पाहिजे.

डॉक्टरांचा आक्षेप वेगळा आणि अधिक गंभीर आहे. मेडिकलवाल्याला बोलायला लावाल तर तो डॉक्टरकी करू लागेल, असे त्यांना वाटते. कोकणात राहणारा कोणीही ही भीती खोटी म्हणणार नाही. ‘दोन दिवस अंग मोडून येतेय, काहीतरी द्या’ म्हटल्यावर प्रतिजैविकाच्या चार गोळ्या सहज हातात पडतात, आणि पावसाळ्यात तो ताप लेप्टोचा निघाला तर गेलेले ते दोन-तीन दिवस जिवावर बेततात. याच बेबंदपणाला आवर घालण्यासाठी १ मार्च २०१४ पासून एच-१ ही ठराविक औषधांची अनुसूची अमलात आली आणि त्यातल्या औषधांची, रुग्णाच्या व डॉक्टरच्या नावासकट, नोंद ठेवून ती तीन वर्षे जपणे सक्तीचे झाले. पण जरा विचार करावा: चिठ्ठीशिवाय दिलेल्या त्या चार गोळ्या बोलण्यातून जातात की न बोलण्यातून? ‘ताप किती दिवस आहे, शेतात पाण्यात उतरला होता का, लघवी कमी झाली का, डोळे लाल आहेत का’ असे चार प्रश्न विचारणारा फार्मासिस्ट गोळ्या देणार नाही, तो ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता दाखवील. औषध निवडणे हे डॉक्टरचे काम आणि निवडलेले औषध नीट घेतले जाईल हे पाहणे फार्मासिस्टचे. ही रेघ स्वच्छ आहे आणि ती बोलण्याने पुसली जात नाही. काही डॉक्टर असेही म्हणतात, की दुष्परिणाम सांगितले तर रुग्ण घाबरून औषध सोडतो. सोडतो, पण न सांगताही सोडतो. खोकला येऊ लागला, तोंडाला कोरड पडली, की तो कोणाला न विचारता गोळी बंद करतो. कारण असे होऊ शकते आणि झाले तर कळवायचे, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

एका बाबतीत मात्र मी ऑनलाइन विक्रीच्या बाजूने आहे, आणि ते मोकळेपणाने सांगायला हवे. लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. मेडिकलच्या काउंटरवर गावचे चार लोक कोपर टेकून उभे असताना गर्भनिरोधक गोळी मागणाऱ्या तरुणीला, क्षयाचे औषध नेणाऱ्या मुलाला किंवा मानसोपचाराच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला ॲप हा खरोखर आधार आहे. तिथे कोणी काळ्या पिशवीत गुंडाळून देत नाही आणि संध्याकाळपर्यंत वाडीभर बातमी होत नाही. पण ज्या गोळीची वेळ चुकली तर उपयोगच उरत नाही, तिच्याविषयीच आपल्याकडे सर्वांत कमी बोलले जाते, ही केवढी मोठी उणीव आहे! तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी चांगली, हे त्या मुलीला पार्सलवाला सांगणार नाही. दुकानाच्या एका कोपऱ्यात आडोसा करून दोन खुर्च्या ठेवणे, आणि शक्य तिथे बाई फार्मासिस्ट असणे, याला फार मोठा खर्च येत नाही.

माहिती आता मोबाइलवर मिळते, मग माणसाची गरज काय, असेही म्हटले जाते. १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० प्रमुख ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आला आहे आणि ही चांगली सुधारणा आहे. मात्र त्यात औषधाचे नाव, उत्पादक, बॅच, उत्पादनाची व मुदतीची तारीख, परवाना क्रमांक अशी माहिती असते. त्यावरून औषध खरे की बनावट हे ताडता येते. माझ्या वडिलांनी ते गिळायचे की ओढायचे हे त्यातून कळत नाही. शिवाय माहिती सगळ्यांना सारखी असते आणि माणसे सारखी नसतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत कित्येक गावांची वीज दिवसेंदिवस आली नाही. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, असे पाकीट सांगते. फ्रिजच बंद पडला तर चालू कुपी मडक्यातल्या गारव्यात साधारण चार आठवडे चालते, कौलाखाली उन्हाच्या बाजूला ठेवायची नाही आणि एरवी नितळ असणारे औषध गढूळ झाले किंवा कोणत्याही औषधात गुठळ्या दिसल्या तर ते टोचायचे नाही, हे त्या घराची अवस्था माहीत असलेला माणूसच सांगू शकतो. पुढच्या वर्षी २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले. अशा पुरात फायली, चिठ्ठ्या, गोळ्यांची पाकिटे सगळेच चिखलात जाते, आणि मागे उरलेला रुग्ण एवढेच सांगू शकतो, की ‘ती पांढरी, मध्ये रेघ असलेली गोळी’. त्याला आपल्या औषधाचे नाव आणि ते कशाचे आहे हे कोणी आधीच शिकवलेले असते, तर एवढ्या संकटातली ही एक अडचण तरी टळली असती.

आता राहतो तो सर्वांत अवघड भाग. परवान्याच्या चौकटीतला फोटो एकाचा आणि काउंटरवर उभा असलेला माणूस भलताच, ही स्थिती आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पदविका झालेल्याने प्रमाणपत्र महिन्याच्या ठराविक रकमेवर दुकानाला द्यायचे आणि स्वतः दुसरीकडे नोकरी करायची, हा व्यवहार जोवर चालू आहे तोवर समजावून सांगण्याच्या गोष्टी कोणाशी करायच्या? औषधविक्रेत्यांच्या संघटनांना ऑनलाइन कंपन्यांविरुद्ध लढायचे असेल तर पहिली साफसफाई इथे करावी लागेल. नाहीतर ‘आमच्याकडे शिकलेला माणूस असतो’ हा त्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा त्यांच्याच हाताने निकामी होतो. तरुण मुले-मुली यासाठी तयार होत आहेत. पदविकेच्या २०२० च्या नव्या अभ्यासक्रमात समाजाशी जोडलेल्या औषधसेवेचे विषय आले आहेत, आणि कोकणातल्या मुलाला मालवणी, संगमेश्वरी किंवा आगरी शिकायला वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. माझ्या वडिलांना ते यंत्र शेवटी अशाच एका मुलीने दाखवले. तिने रिकामी कॅप्सूल घालून आधी स्वतः ओढून दाखवली, मग त्यांच्याकडून तीनदा करवून घेतली आणि औषध ओढल्यावर चूळ भरायला बजावले.

अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक दुकानात येतो तेव्हा तो परवाना पाहतो, खरेदीची बिले पाहतो, फ्रिजचे तापमान आणि एच-१ ची नोंदवही पाहतो. हे सगळे त्याने पाहावेच. त्यानंतर दुकानाच्या पायरीवर उतरून, नुकतेच औषध घेऊन निघालेल्या एका माणसाला थांबवावे आणि त्याच्या हातातल्या पिशवीकडे बोट दाखवून विचारावे, की यातली कोणती गोळी कशासाठी आहे, ती कधी घ्यायची, आणि एक वेळ विसरली तर तुम्ही काय कराल. मिळतील ती उत्तरे, जशीच्या तशी, तपासणीच्या अहवालात लिहावीत.